खाऱ्या पाण्याच्या हौदात लहान शार्क पाळणे : शेतकऱ्यांकरिता काही माहिती

घरातील खाऱ्या पाण्याच्या हौदात लहानसा शार्क मासा पाळण्याची हौस पूर्वी मुंबईसारख्या शहरातील धनिकांपुरती होती. अलीकडे ती तापीकाठीही येऊन पोहोचली आहे. मोबाईलवर मोठमोठी मत्स्यालये पाहून आपल्या बागाईतदारांच्या घरची तरुण मंडळी असा एक हौद आपल्या ओसरीवर का असू नये, असे विचारू लागली आहेत. आणि कापूस-केळीचे पैसे हाती आले म्हणजे या विचारण्यास अधिकच जोर चढतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा मनुष्य त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, भोवरे पाहतो, दहा पावले चालवून पाहतो व मग बोली करतो. तोच मनुष्य मासा घेताना मात्र विक्रेत्याने सांगितलेले नाव ऐकून पिशवी हाती घेतो. म्हणून कोणता शार्क घरी जगू शकतो, तो कोठे मिळतो, त्यास पाणी कसे लागते व वर्षाकाठी त्याचा बोजा काय पडतो, याविषयी काही माहिती सभासद बंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे. हौस करू नये असे सांगण्याचा हेतू नाही. परंतु हौसेचाही ताळेबंद मांडता येतो आणि तो आधी मांडलेला बरा.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात शार्क या नावाने जे मासे काचेच्या बरणीत घालून विकले जातात, त्यांतील बहुतेक शार्क नव्हतच. करड्या-रुपेरी रंगाचे, उंच परांचे, बोटभर लांबीचे जे मासे सर्रास मिळतात, ते पंगेशियस जातीचे मासे होत. हा आग्नेय आशियातील मेकाँग नदीचा, गोड्या पाण्यातील, आपल्या शिंगाड्याच्या दूरच्या नात्याचा मासा असून आपल्या देशात तो १९९० नंतरच्या दशकात बांगलादेशामार्गे आला. आज त्याची शेती आंध्रात व बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर होते. बरणीतील हे पिल्लू मोकळ्या पाण्यात वाढल्यास चार फुटांच्या घरात जाते. ‘बाला शार्क’ व ‘लाल शेपटीचा शार्क’ या नावांनी मिळणारे मासे तर रोहू-कटल्याच्या कुळातील आहेत. ज्यास खवले आहेत, अगर मिशा असून जो गोड्या पाण्यात सुखाने पोहतो आहे, त्यास विक्रेता काहीही म्हणो, तो शार्क नव्हे, एवढी खूणगाठ बांधावी. खऱ्या शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, त्याच्या कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविल्यास ती कानशीसारखी खरखरीत लागते, आणि कल्ल्यांस झाकण नसून डोक्याच्या दोन्ही बाजूंस बहुधा पाच-पाच उघड्या फटी असतात.

खरा शार्क म्हणजे आपल्या कोकणपट्टीवरील मुशी. रत्नागिरीच्या दक्षिणेस तिलाच मोरी म्हणतात. मुंबई व गुजरातच्या किनाऱ्यावर जी लहान मुशी टोपल्याच्या टोपल्या भरून उतरते, ती स्कोलिओडॉन जातीची असून पूर्ण वाढ झाली तरी बहुधा दोन-सव्वादोन फुटांच्या आतच राहते. तेव्हा हीच घरी पाळण्यास योग्य, असा तर्क साहजिकच मनात येतो. परंतु तो खोटा आहे. आकार लहान म्हणजे पाळण्यास सोपा, हा नियम येथे लागू पडत नाही. ही मुशी सतत पुढे पोहत राहून तोंडावाटे पाणी कल्ल्यांतून जाऊ देते व त्यावरच तिचा श्वास चालतो. जाळ्यात अडकली अथवा कोपऱ्यात कोंडली की ती गुदमरते, आणि चौकोनी हौदात तर चारही बाजूंस भिंतच. काळ्या टोकाच्या परांचा जो शार्क चित्रांत फार शोभून दिसतो, तोही सतत पोहणारा व पाच फुटांवर वाढणारा आहे. अशा माशास घरगुती हौदात ठेवणे म्हणजे यात्रेतून उमदा घोडा आणून तो कोंबड्यांच्या खुराड्यात बांधण्यासारखे होय.

घरी जगण्याजोगे शार्क निराळ्या कुळातील आहेत. ते तळाशी पडून राहतात, गालांची उघडझाप करून स्वतःच पाणी आत ओढतात व कल्ल्यांवाटे सोडतात. त्यामुळे पोहत राहण्याची त्यांस गरज पडत नाही. यांत बांबू मुशी ही सर्वांत सोईची. ‘चिलोसायलियम’ या तिच्या प्रजातीतील तीन जाती आपल्या पश्चिम समुद्रात आढळतात. त्यांपैकी करड्या बांबू मुशीचे वर्णन म्युलर व हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ साली केले. ती सुमारे अडीच फुटांपर्यंत वाढते. पिल्लांच्या अंगावर गडद आडवे पट्टे असतात, ते वयाबरोबर पुसट होत जाऊन प्रौढपणी अंग साधे करडे-तपकिरी होते. दुसरी सडपातळ बांबू मुशी याहून थोडी लहान, व तिसरी अरबी बांबू मुशी जवळपास तेवढीच. परदेशातून येणाऱ्या मालात पांढऱ्या ठिपक्यांची व तपकिरी पट्ट्यांची बांबू मुशी असते; यांतील दुसरी तीन फुटांवर जाते, हे घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यात अडकून पडण्याची या कुळास सवय असल्याने पाण्यातील प्राणवायू काही वेळ कमी झाला तरी ती तग धरतात. मात्र तग धरणे निराळे व सुखाने राहणे निराळे. अवर्षणात बैल कडब्याच्या धसकटांवरही जगतो, म्हणून कोणी त्यास धसकटांवरच ठेवीत नाही.

आता शोध. आपल्या सारंगखेड्याहून समुद्र दूर नाही असे नकाशावर वाटते, कारण आपली तापीच सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. परंतु खंबायतच्या आखाताचे पाणी गाळाने गढूळ असते आणि तेथून जिवंत मासा अथवा स्वच्छ पाणी आणण्याची आशा व्यर्थ आहे. बंदरावर ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मालाबरोबर बांबू मुशीही येतात. त्या बहुधा मेलेल्या अगर दबल्याने आतून दुखावलेल्या असतात. अशी मुशी स्वस्त मिळाली तरी चार दिवसांत मरते. लहान होडीवाला कोळी खडकाळ किनाऱ्यावर धरून लगेच पाण्याच्या पिंपात ठेवील, तर ती काही कामाची; पण असा संबंध जुळावयास वेळ लागतो, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तर काहीच मिळत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने करड्या बांबू मुशीची गणना असुरक्षित जातींत केली आहे. समुद्रातून धरलेल्या जनावरापेक्षा मत्स्यालयात जन्मलेले पिल्लू अथवा अंडे घेणे सर्वच दृष्टींनी श्रेयस्कर होय. मुंबईच्या शोभिवंत माशांच्या व्यापाऱ्यांकडे ते मागणी नोंदवून मिळू शकते. माल परदेशचा असेल तर आयातीचे कागद दाखविण्यास सांगावे व जातीचे नाव घातलेली पावती घ्यावी. पावती देण्यास जो कुरकुर करतो त्याच्याशी व्यवहार करू नये; हे मी आयुष्यभर कागदांत काम केले म्हणून म्हणत नाही, पुढे कायद्याविषयी जे लिहिले आहे त्याकरिता म्हणतो.

घेण्यापूर्वी जातिवंत मुशी पाहावयाची असेल तर रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र पाहून यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेतील या केंद्रात मत्स्यालय व संग्रहालय असून तेथील देवमाशाचा प्रचंड सांगाडा मुलांसही दाखविण्यासारखा आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले व २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले. त्याच्या संदर्भात एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे : ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी समोर बांधलेले होते. खाऱ्या पाण्याचा कारखाना समुद्राशेजारी का काढतात, हे आपल्यासारख्या दूरच्या माणसास मिठाचा पहिला हिशेब केल्यावर कळते.

जिवंत मुशी निवडताना विक्रेत्यास तुमच्यासमोर तिला खाऊ घालावयास सांगावे. खाते ती घ्यावी. पोट तळाच्या बाजूने पांढरे असावे. तेथे लाली दिसल्यास पाण्यातील अमोनियाने पोळली आहे किंवा रक्तदोष आहे असे समजावे. डोळे स्वच्छ असावेत, डोक्यामागे खळगे पडलेले नसावेत. तिला शेपटीने कधीही उचलू नये. सांगाडा कूर्चेचा व पोटातील अवयव सैल असल्याने त्यायोगे आतून इजा होते. प्रवासाआधी एक दिवस उपाशी ठेवून, एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश प्राणवायू भरलेल्या जाड पिशवीत, काळोख्या खोक्यात घालून आणावी. घरी आल्यावर पिशवीतील पाण्यात हौदाचे पाणी थेंबथेंब सोडीत तासा-दीड तासाने तिला हौदात घ्यावी. पिशवीचे पाणी हौदात ओतू नये.

परंतु नवशिक्याने अंड्यापासून आरंभ करावा हे माझे मत आहे. बांबू मुशी पिल्ले प्रसवीत नाही; ती चामड्यासारख्या चिवट, चपट्या कोशातील अंडी बहुधा दोन-दोन घालते. पाण्याच्या उष्णतेप्रमाणे तीन ते पाच महिन्यांत ती फुटतात. कोंबडीचे अंडे दिव्यासमोर धरून पाहण्याची रीत आपल्या घरांतून माहीत आहेच. तीच येथे लागू पडते. पाण्यातच कोशामागे विजेरी धरली असता आत बलक व त्यावर वळवळणारा जीव दिसतो. काहीच हालचाल नसेल तर अंडे पोकळ समजावे. नराशिवायही मादी अंडी घालते व ती बहुधा वांझ निघतात. बहुधा म्हणण्याचे कारण असे की, २००२ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी बेल आयल मत्स्यालयात नराचा संबंध नसलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या बांबू मुशीच्या अंड्यांतून जिवंत पिल्ले निघाली व शास्त्रज्ञ चकित झाले. पुढे अन्यत्रही असे घडल्याचे दिसून आले. अंडे पाण्याबाहेर काढू नये, नाही तर कोशात हवा शिरते. पिल्लू बाहेर येते तेव्हा ते सुमारे वीतभरापेक्षा थोडे कमी असते व पोटातील बलकावर काही दिवस काढते. या दिवसांत ते खात नाही म्हणून घाबरून नवे नवे पदार्थ हौदात टाकून पाणी नासवू नये.

पाणी हाच या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास भरते. दूध तपासण्याच्या काट्यासारखाच काचेचा काटा मिळतो, त्याने हे रोज पाहता येते. पुष्कळांस वाटते की, बाजारातील खडे मीठ विरघळविले की समुद्र तयार झाला. तसे नाही. मिठागरात पाणी आटविताना मीठ आधी खाली बसते. मॅग्नेशियमचे क्षार, पोटॅश वगैरे वरच्या कडू पाण्यात राहून फेकले जातात. खडे मीठ म्हणजे समुद्राचा एक अंश, सगळा समुद्र नव्हे. विदर्भातील खारपाणपट्ट्यात ज्यांची सोयरीक आहे ते म्हणतील की, तेथील विहिरींचे पाणी आयतेच खारे आहे. तेही चालत नाही. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात पोटॅशचे प्रमाण समुद्रापेक्षा फार कमी असते. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचे जे केंद्र अशा पाण्यात कोळंबी वाढविण्याचे प्रयोग करते, तेथेही पोटॅश घालूनच पाणी दुरुस्त करावे लागते. तेव्हा मत्स्यालयाकरिता मुद्दाम तयार केलेले मिश्रक्षार घेऊन ते गाळणयंत्राच्या, म्हणजे आर.ओ.च्या पाण्यात विरघळविणे, हाच मार्ग. आपल्या विहिरींच्या पाण्यात खतांचा नायट्रेट उतरलेला असतो. तो शार्कला मानवत नाही. कारण पुढे येईल.

हौदातील पाणी उडते, क्षार उडत नाहीत. वैशाखात आठ फूट लांब व चार फूट रुंद हौदावरून दररोज पाच मिलिमीटर पाणी उडाले तरी पंधरा लिटरांची तूट पडते. ही तूट गोड्या पाण्याने भरावयाची असते. खाऱ्याने भरल्यास पाणी दिवसेंदिवस अधिक खारे होत जाते. पाटाच्या पाण्याखाली निचरा नसलेली जमीन कशी चोपण होते, हे ज्याने पाहिले आहे त्यास हे निराळे शिकवावयास नको.

आता ज्या गोष्टीने सर्वांत अधिक मासे मरतात तिकडे वळू. मासा खातो, मलमूत्र टाकतो व त्यापासून पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो. अमोनिया हे माशास जालीम विष आहे. आपण शेतात युरिया टाकतो त्याचा आधी अमोनिया होतो, मग जमिनीतील जिवाणू त्याचा नायट्राइट व शेवटी नायट्रेट करतात, आणि पीक तो घेते. हौदातही तेच जिवाणू हेच काम करतात. फरक इतकाच की, जमिनीत ते पूर्वीपासून आहेत. नव्या हौदात ते वसवावे लागतात. याकरिता गाळणपेटीत सच्छिद्र दगड अथवा प्लॅस्टिकचे तुकडे ठेवून, मासा न सोडता थोडी कोळंबी कुजवून पाणी फिरते ठेवावे. सुमारे चार ते सहा आठवड्यांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात. तपासणीच्या बाटल्या मिळतात. त्यांत रंग पाहून खात्री झाल्याखेरीज अंडेसुद्धा सोडू नये. नांगरट न करता पेरणारा जसा, तसाच पाणी न मुरविता मासा आणणारा.

शार्कच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्याकरिता शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतो. होय, आपण पोत्यांनी आणतो तोच पदार्थ. शिळ्या मुशीस जो अमोनियाचा उग्र वास येतो तो यामुळेच. असा प्राणी पाण्यात नत्राची भर इतर माशांपेक्षा अधिक टाकतो. त्यामुळे गाळणपेटीबरोबर पाण्यातील चिकट घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढणारे यंत्रही लागते. नायट्रेट फार वाढल्यास अन्नातील आयोडीन त्याच्या अंगी लागत नाही व गळ्याखाली गाठ वाढते. माणसांस होणारे गलगंड ते हेच. म्हणून दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले पाहिजे.

हौदाचा आकार सांगताना विक्रेते संकोच करतात. मी करीत नाही. अडीच फुटांच्या माशास वळावयास जागा हवी, म्हणून लांबी आठ फूट व रुंदी चार फूट असावी. उंची दोन फुटांहून अधिक नसली तरी चालेल, कारण हा तळाचा रहिवासी आहे. पाणी पावणेदोन फूट धरल्यास छप्पन घनफूट, म्हणजे सुमारे १,५८५ लिटर भरते. गाळणपेटीचे तीनशे लिटर धरून एकंदर १,९०० लिटर झाले. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे पहिल्याच भरणीस साडेसहासष्ट किलो क्षार लागतात. आठवड्यास १९० लिटर बदलावयाचे म्हणजे दर खेपेस साडेसहा किलोंवर. वर्षाचे सुमारे साडेतीनशे किलो. पंप व फेसयंत्र मिळून १४० वॅट धरले तरी अहोरात्र चालविण्यास महिन्यास शंभर युनिट वीज जाते. पाणी थंड करणारे यंत्र पाचशे वॅटचे, उन्हाळ्यात दिवसा दहा तास चालले तर आणखी दीडशे युनिट. आपापल्या गावचे दर यापुढे मांडून पाहावेत. हौदातील पाण्याचेच वजन सोळाशे किलोंवर, म्हणजे कापसाच्या साडेनऊ गाठींइतके असते. तेव्हा तो माडीवर ठेवण्याचा विचारही करू नये. काचेऐवजी सिमेंटचा हौद जमिनीवर बांधून त्यास आतून इपॉक्सीचा लेप दिल्यास खर्च पुष्कळ कमी होतो. लेप न दिल्यास सिमेंटमधील चुना पाण्यात उतरत राहतो.

उष्णता हा आपल्या भागातील मोठा शत्रू. पाणी २४ ते २६ अंशांवर असावे, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात सावलीतला पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो, अमोनियाचे विष वाढते व मासा अधिक श्वास घेतो. तीन संकटे एकदम. या कामी पत्र्याच्या छपरापेक्षा आपले जुने धाब्याचे घर शतपटीने बरे. मातीच्या जाड भिंतींची उत्तरेकडील खोली मिळाल्यास थंड करणाऱ्या यंत्राचे काम अर्धे हलके होते. भारनियमन आपल्यास नवीन नाही. घटकाभर पंप थांबला तर बांबू मुशी सोशील, पण गाळणपेटीतील जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात व पुढे पाणीच बिघडते. म्हणून हवेचा लहान पंप बॅटरीवर चालेल अशी योजना पहिल्या दिवसापासून असावी.

तळाशी बारीक वाळू घालावी. खडीने पोट घासून जखमा होतात. आडोशाकरिता दगडांची गुहा करावी, पण दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर बसवावेत, कारण मुशी वाळू उकरते व दगड तिच्याच अंगावर पडतो. वर घट्ट जाळीचे झाकण हवे. ही रात्रीची हिंडणारी जात आहे. दिव्यांचा लखलखाट तिला नको. खाद्य म्हणून समुद्रातील कोळंबी, माकूळ व बांगड्याचे तुकडे आठवड्यातून तीन वेळा, आणि आठवड्याचे एकंदर खाद्य तिच्या वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या आत द्यावे. नंदुरबार अथवा दोंडाईच्यास गाडीने बर्फातील मासळी येते, ती चालते. तापीतील मासे हेच कायमचे खाद्य करू नये. जीवनसत्त्वे व आयोडीन असलेली गोळी आठवड्यास एकदा कोळंबीच्या पोटात दडवून द्यावी. खेकडे व लहान मासे सोबतीस ठेवल्यास ते सोबती राहत नाहीत, जेवण होतात.

शेतकऱ्याच्या घरी काही धोके विशेष आहेत, ते इतरांच्या पुस्तकांत सापडावयाचे नाहीत. मोरचूद आपल्या हाताखालचे औषध. गोड्या पाण्यातील माशांच्या रोगांवरही ते वापरतात. शार्कला तांबे विष आहे. म्हणून तांबे असलेले कोणतेही औषध त्याच्या हौदात घालू नये, आणि पितळी तोटी, तांब्याची कळशी किंवा जस्ती बादली त्या पाण्यास लावू नये. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने स्नान केल्याशिवाय हौदाजवळ जाऊ नये. सायपरमेथ्रिनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशांचा नाश करतात. डासांकरिता खोलीत वडी लावणे अगर विजेवरचे औषध ठेवणे हे त्याच जातीचे; हवेचा पंप तो धूर ओढून पाण्यात सोडतो. विजेच्या गळतीचाही विचार हवा. शार्कच्या नाकाडाभोवती सूक्ष्म छिद्रे असून त्यांवाटे वाळूखाली दडलेल्या भक्ष्याची विद्युत्‌ लहर त्यास कळते. जो प्रवाह आपल्या हातास जाणवत नाही तो त्यास सतत बेचैन करतो. गळती पकडणारी कळ बसविल्यास मासा व धनी दोघांचेही रक्षण होते.

कायद्याविषयी थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, व त्याबरोबर काही शार्क-पाकट जाती २००१ साली त्यात संरक्षित झाल्या. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या व आंतरराष्ट्रीय व्यापारकरारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांस नोंदणीचे बंधन आले. काळ्या टोकाच्या शार्कचे व स्कोलिओडॉनचे सबंध कुळ २०२२ च्या नोव्हेंबरात त्या व्यापारकराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आले. याद्या बदलत असतात. म्हणून घेतेवेळी जातीचे शास्त्रीय नाव लिहून नेऊन वनखात्याच्या कचेरीत विचारावे व उत्तर लेखी घ्यावे.

चांगली निगा राखल्यास बांबू मुशी वीस वर्षांपर्यंत जगते. आज दहावीत असलेल्या मुलाच्या हट्टाकरिता ती आणली, तर मुलगा शिक्षणास पुण्यास गेल्यावर हौदाची सेवा घरातील बायामाणसांवर पडते, हे आधी त्यांस विचारावे. नकोशी झाल्यावर ती तापीत सोडणे म्हणजे गोड्या पाण्यात तिला मारणेच होय. पंगेशियसची गोष्ट उलट आहे; तो मरत नाही. ज्यांनी बरणीतील ‘शार्क’ वाढला म्हणून सारंगखेडा अथवा प्रकाशा बंधाऱ्याच्या पाण्यात सोडून दिला, त्यांनी आपल्या भोई बंधूंच्या पाण्यात परका जीव घातला. थाई मागूर असाच मोकळा झाला; त्याच्या पालनावर सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो अजून पाण्यातून जात नाही. शेततळ्यात सोडलेला मासाही अतिवृष्टीत सांडव्यावाटे नाल्यात व नाल्यातून नदीत जातो. मासा नकोसा झाल्यास विक्रेत्यास परत द्यावा, किंवा दुसऱ्या हौदवाल्यास फुकट द्यावा.

एवढे सर्व वाचूनही ज्यांचा निश्चय कायम राहील त्यांनी दसऱ्यास हौदात पाणी भरावे. कार्तिक अखेरपर्यंत पाणी मुरेल. मार्गशीर्षात, यात्रेच्या सुमारास अंडे आणावे; त्या दिवसांत वाटेत उष्णतेचा त्रास होत नाही, मात्र रात्री पाणी २२ अंशांखाली जाऊ नये म्हणून तापविण्याची कांडी ठेवावी लागते. पिल्लू फाल्गुनाच्या आसपास बाहेर येईल. लहान पिल्लास आरंभी मोठ्या हौदाचा चौथा भाग जाळीने वेगळा करून द्यावा, म्हणजे ते खाते की नाही हे रोज दिसते. आणि थंड करणारे यंत्र होळीपूर्वी एकदा चालवून पाहावे, कारण वैशाखात ते बिघडले तर दुरुस्तीस माणूस मिळेपर्यंत मासा वाट पाहत नाही.